मास्तरांच्या गाडीच्या तेलातलं पाणी

एकोणीसशे एकोणसत्तर साल. मला ते पक्कं आठवतं, कारण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला कायम केलं ते त्याच वर्षी, आणि त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर माझे सासरे जिन्यातला दिवा बदलताना स्टुलावरून पडले. मांडीचं हाड मोडलं.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणे. बाकी सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. ते शाळामास्तर नव्हते. ते लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्याकडे एकच गाडी होती, राखाडी रंगाची. तिच्यात शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक बसवलेला होता. गावातले दोन्ही डॉक्टर, न्यायाधीशीणबाई, पाववाला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, सगळे त्या गाडीत शिकले. एखादी गाडी कोपऱ्यावर व्यवस्थित वळली की मामंजी म्हणत, "माझा आहे तो." चुकीची वळली की म्हणत, "हा दुसऱ्या कुणाकडे शिकलाय."

आणि आमच्या घरात मात्र कुणालाच गाडी येत नव्हती. माझ्या नवऱ्याने लग्नाआधी एकदाच धडा घेतला होता. त्या धड्यात त्याने गाडी शेजाऱ्यांच्या कुंपणात घातली. मग बापलेकांचं असं काही वाजलं की नवऱ्याने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि मामंजींनीही त्याला पुन्हा विचारलं नाही. तो छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. म्हणायचा, "माझी अक्षरं कुंपणात जात नाहीत." सासूबाई तर गाडीला सवतच म्हणत. "सकाळी उठल्या उठल्या तिचं अंग पुसतील. मला ताप आला तरी कपाळाला हात लावायचे नाहीत." असं म्हणताना त्या हसत असत, पण गाडीत बसल्या तर मागे, आणि दार जोरात आपटून.

चालवायला येत नसली तरी गाडी सुरू करायला आम्हा तिघांनाही यायचं. मामंजी अंघोळीला जाता जाता ओरडायचे, "कुणीतरी तिला सुरू करा रे, शिकणारा दारात उभा आहे!" जो जवळ असेल तो जाऊन किल्ली फिरवायचा. म्हणजे आम्हाला अर्धीच विद्या येत होती. पुढचं सगळं त्या अर्ध्या विद्येनेच घडवलं.

दवाखान्यातून मामंजींना घरी आणलं तेव्हा त्यांचा पलंग खालच्या समोरच्या खोलीत घातला. त्या खोलीची एक भिंत गॅरेजची. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "मास्तर, हाड सांधलंय. आता कुबड्या घेऊन रोज थोडं चालायचं. नाही चाललात तर पाय कायमचा आखडेल, मग मी काही करू शकणार नाही."

"बघू उद्या," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही उद्याच. कुबड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांच्यावर सासूबाईंनी टॉवेल वाळत घातला. मामंजी जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, छताकडे बघत पडायचे. एवढा बडबड्या माणूस! मी एक्स्चेंजमधून आले की त्यांना गावातल्या बातम्या सांगायची, कुणाचा फोन किती वेळ चालला वगैरे. ते नुसतं "हं" करायचे.

एके दुपारी ते मला म्हणाले, "सूनबाई, गाडी जरा सुरू करून बघ. बॅटरी उतरली असेल."

मी गेले. थंडी कडाक्याची होती. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा चोक पूर्ण ओढला, किल्ली फिरवली, गाडी खोकली आणि सुरू झाली. दोन मिनिटं चालू ठेवली आणि बंद करून आत आले. बघते तर मामंजी उशीला टेकून बसलेले. गालावर रंग आलेला. म्हणाले, "चहा आहे का गं? आणि त्याच्याबरोबर काहीतरी खायला पण आण."

मग काय! दुसऱ्या दिवशी दुपारी मी न सांगता गेले. तिसऱ्या दिवशीही. औषधाच्या गोळीसारखी ती दोन मिनिटं मी त्यांना द्यायला लागले. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाई म्हणाल्या असत्या, पेट्रोल काय नळाला येतं का.

हिवाळा सरत आला तरी ते चाललं होतं. मामंजी खायला लागले होते, अधूनमधून बोलायला लागले होते. फक्त उठत नव्हते. कुबड्यांचा विषय काढला की तोंड फिरवायचे.

एक दिवस गाडी सुरू झाली ती थरथरत, आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. मी घाबरून बंद केली. आत गेले तर मामंजींचा चेहरा बदललेला.

"ऑइल बघ," ते म्हणाले. "बॉनेट उघड. इंजिनाच्या बाजूला एक लांब पट्टी खोचलेली असते, कडीसारखं टोक असलेली. तिला डिपस्टिक म्हणतात. ती काढून इकडे आण. आणि ऑइल ओतायचं झाकण असतं वर, तेही फिरवून काढ."

मी दोन्ही घेऊन आले. इंजिनातलं तेल काळं असतं एवढं मला माहीत होतं. पट्टीवर होतं ते दूध जास्त झालेल्या कॉफीच्या रंगाचं, आणि त्यात पाण्याचे बारीक थेंब चमकत होते. झाकणाच्या आतल्या बाजूला तर लोण्यासारखा पांढरट पिवळा थर जमला होता, बोटाने निघेल असा.

मामंजींनी झाकण हातात घेतलं, बोटाने तो थर पुसला, नाकाशी नेला. मग झाकण माझ्या हातात परत दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

"काय झालंय मामंजी?"

"तेलात पाणी शिरलंय," ते भिंतीला म्हणाले. "संपली ती."

संध्याकाळी मी मिस्त्रींना बोलावून आणलं. मिस्त्री म्हणजे गाड्या दुरुस्त करणारे, मामंजींचे जुने दोस्त. जाडजूड, मोठ्याने हसणारे. शिकणाऱ्यांनी जाळलेल्या क्लचप्लेटी बदलून बदलून माझं घर उभं राहिलं, असं ते सगळ्यांना सांगत. त्यांनी पट्टी बघितली, भुवया वर केल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरले.

"वहिनी, तवा तापवा."

"आता खायचंय तुम्हाला? आधी गाडी बघा."

"गाडीसाठीच म्हणतोय."

सासूबाईंनी तवा ठेवला. तो सणसणीत तापल्यावर मिस्त्रींनी डिपस्टिकचं टोक त्यावर धरलं आणि तेलाचे दोन थेंब टाकले. ते तडतडले, उडाले, आणि घरभर जळक्या तेलाचा वास सुटला.

"माझा तवा!" सासूबाई किंचाळल्या.

"तडतडतंय म्हणजे पाणी. नुसतं तेल असतं तर गपगुमान धुरावलं असतं."

"ते डोळ्यांनी दिसतच होतं की! त्यासाठी माझा तवा कशाला बाटवलात?"

"खात्री केलेली बरी," मिस्त्री म्हणाले आणि तवा पुसायला टॉवेल शोधू लागले. सासूबाईंनी तवा त्यांच्या हातून ओढून घेतला.

मग मिस्त्रींनी आवाज खाली आणला. इंजिनाच्या दोन भागांमध्ये एक पातळ चकती असते, हेड गॅस्केट. ती फुटली की गार करायला ठेवलेलं रेडिएटरचं पाणी तेलात उतरतं. नाहीतर मग इंजिनाला तडाच गेला असेल. दोन्हींत इंजिन उघडावं लागणार. "आणि मास्तरांच्या गाडीचं वय बघता," ते म्हणाले, "उघडल्यावर आत काय काय निघेल ते सांगता येत नाही."

माझा नवरा दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "उघडून तरी काय करायचं? चालवणार कोण? बाबा काही आता उठत नाहीत. भंगारवाल्याला देऊन टाकू." हे बोलताना तो खाली बघत होता, ते मला तेव्हाच जरा खटकलं.

"हळू बोल," मी म्हटलं. पण उशीर झाला होता.

"ऐकू येतंय मला," आतून मामंजी म्हणाले. "बरोबर बोलतोय तो. देऊन टाका. आणि ह्या कुबड्याही घेऊन जा कुणीतरी, उगाच जागा अडवतात."

सासूबाई तवा घासायच्या थांबल्या. कुबड्या घेऊन जा म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांनाच कळलं. गाडी गेली की हा माणूस ह्या पलंगावरून पुन्हा उठणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री दोरखंड घेऊन आले. रविवार होता, आम्ही सगळे घरी होतो. गाडी निदान वर्कशॉपपर्यंत ओढत नेतो, म्हणाले, भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा इंजिनाचं डोकं उघडून बघतो, दोस्ताची गाडी आहे. नेण्याआधी पाणी काढून टाकावं म्हणून त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं आणि तिथेच उभे राहिले.

"हा तर गळ्यापर्यंत भरलेला आहे," ते म्हणाले. "कुणी पाणी घातलं ह्यात?"

कुणीच घातलं नव्हतं.

"अहो, तेलात पाणी गेलं तर ते इथून कमी व्हायला पाहिजे. इथून थेंब कमी नाही. मग ते आलं कुठून? काल हे आधी बघायला हवं होतं मी." त्यांनी डोकं खाजवलं, टोपीवर तेलाची बोटं उमटली. मग डोळे बारीक करून सासूबाईंकडे बघितलं. "काय वहिनी? सवतीला तांब्याभर पाणी पाजलंत की काय तेलाच्या भोकातून?"

सासूबाई अशा भडकल्या! "मी? मी पाणी पाजीन? रोज सकाळी थंडीत कुडकुडत जाऊन मी तिला..." आणि गप्प बसल्या.

"रोज सकाळी काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही."

"आई, रोज सकाळी काय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"सुरू करते," सासूबाई पुटपुटल्या. "एकच मिनिट. ह्यांना चहा देण्याआधी. आवाज ऐकला की चहा गोड लागतो ह्यांना. त्यात काय एवढं?"

मी तोंडावर हात धरला. "आई, पण दुपारी तर मी रोज सुरू करते."

"तू?"

मग आम्ही दोघींनी वळून माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो कान लाल करून दोरखंडाची गाठ सोडवायला लागला. त्याला गाठ नव्हती.

"छापखान्यातून आल्यावर," तो म्हणाला. "कधीतरी."

"कधीतरी?"

"बरं, रोज."

मिस्त्री गाडीच्या मडगार्डवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. मग त्यांनी आम्हाला ओळीने उभं करून समजावलं, जसं काही आम्ही शाळेतली पोरं. थंडीत आपल्या तोंडातून वाफ निघते ना, तशी पेट्रोल जळताना इंजिनाच्या पोटातही वाफ होते. इंजिन चांगलं तापलं की ती बाहेर पडते. ते तापायच्या आत बंद केलं की वाफ आतच गार होते, पाणी होऊन तेलात बसते. एखाद्या दिवशी काही बिघडत नाही. पण पूर्ण हिवाळाभर, दिवसातून तीनदा!

"चकतीबिकती काही फुटलेली नाही हिची. तुम्ही तिघांनी मिळून लाड करून बुडवलीत तिला," ते म्हणाले.

मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. ते उठले आणि तरातरा मामंजींच्या खोलीत गेले. आम्ही मागे.

"मास्तर! ह्या येड्यांना ठाऊक नव्हतं, ठीक आहे. पण तुम्ही? भिंतीपलीकडून तुम्हाला ऐकू येत नव्हतं? जन्मभर लोकांना ओरडत आलात, थंड गाडी सुरू करून लगेच बंद करू नका म्हणून!"

मामंजी छताकडे बघत होते. "येत होतं," ते म्हणाले.

"मग?"

त्यांनी गॅरेजच्या भिंतीकडे मान वळवली. नंतर म्हणाले, "सकाळी ही यायची. चोक ओढत नाही, तीनदा किल्ली फिरवते, गाडीला काहीतरी बोलते. सुरू झाली की दूध उतू चालल्यासारखी झटकन बंद करते. दुपारी सूनबाई. चोक पूर्ण ओढून ठेवते, आत ढकलायचा असतो हे तिला माहीतच नाही. इंजिन नुसतं बोंबलत असतं. आणि संध्याकाळी... संध्याकाळी हा. ॲक्सिलरेटर दाबून दाबून पेट्रोल तुंबवतो. मग बसून राहतो. मग परत सुरू करतो. आणि जाताना दार हळूच लावतो, चोरासारखं, मला कळू नये म्हणून."

माझा नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

"एकदा सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात ना," मामंजी म्हणाले. "मला वाटलं, अजून थोडे दिवस. गाडीचं काय व्हायचंय ते बघू नंतर. दिवसातून तीन वेळा कुणीतरी यायचं हो."

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "लबाड आहात तुम्ही." इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

मिस्त्रींनी त्याच दिवशी सगळं तेल काढून टाकलं. राखाडी, फेसाळ, घाणेरडं. इंजिनाची वाफ बाहेर जाण्याची नळी त्या लोण्याने बुजली होती, ती तारेने साफ केली. नवं तेल भरलं. मग हात पुसत म्हणाले, "आता हिला दूर न्यायची. आतलं उरलंसुरलं पाणी उडेपर्यंत तापवायची. गावाबाहेर, मोठ्या रस्त्याने. आज मी नेऊन आणतो. पण नंतरही दर आठवड्याला न्यायला पाहिजे, नाहीतर पुन्हा हेच. आणि मला माझं वर्कशॉप आहे."

मामंजींनी लेकाकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका बाबा. शेजाऱ्यांनी आत्ताच नवं कुंपण केलंय."

त्यांनी बायकोकडे बघितलं.

"छे! सवतीला मी हाकत बसू?"

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे. "सूनबाई, तुझा पाय क्लचपर्यंत पोचतो का?"

"पाठीमागे उशी घेतली तर पोचेल."

"हं." ते कोपरांवर रेलून उठून बसले. "दुसरा ब्रेक माझ्याच बाजूला आहे. दुखऱ्या पायाने नाही, चांगल्या पायाने दाबता येईल." मग एकदम आवाज चढवून, पूर्वीसारखा, "माझे बूट कुठे आहेत? चपला घालून मी शिकवत नाही!"

बूट सापडेनात. सासूबाईंनीच ते पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. ते आता लागणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनी कबूल केलं नाही. त्यांनी खाली बसून मामंजींच्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या. नवऱ्याने कुबड्यांवरचा टॉवेल काढला. पलंगापासून गॅरेजपर्यंत अंतर ते किती! पण मामंजींना दोनदा थांबावं लागलं, एकदा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसावं लागलं, घामाने शर्ट भिजला. सासूबाई पुढे पुढे चालत वाटेतल्या खुर्च्या, बादल्या बाजूला करत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "सावकाश. ती काही पळून जात नाहीये."

त्या दिवशी मिस्त्रींनीच गाडी नेऊन आणली, मामंजी शेजारी बसले. नंतर शिकाऊ परवाना काढून मी शिकले ती विटांच्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर. मामंजी फार वाईट बोलत. "क्लच सोडतेस की राग काढतेस?" "आरशात बघ म्हटलं, केस नीट करायला नव्हे." "समोर झाड आहे. ते हलणार नाही, तुलाच हलायचंय." मी दोनदा रडले. एकदा गाडी मध्येच सोडून चालत निघाले, तर ते कुबड्या टेकत माझ्यामागे आले, पार मैदानाच्या टोकापर्यंत. तेवढं ते तोवर कधीच चालले नव्हते. आपण किती चाललो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघं विटांच्या ढिगावर बसून हसलो.

मी मोठ्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी नेली तेव्हा हिवाळा सरून गेला होता. मागे सासूबाई आणि माझा नवरा. मामंजी माझ्या शेजारी, बूट घातलेला पाय ब्रेकवर. तापमानाचा काटा वर चढेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. काटा मध्यावर आला. आम्ही धरणापर्यंत गेलो, आणि तसेच पुढेही गेलो, कारण मामंजी थांब म्हणेनात. परतताना एका झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन थोडं निवल्यावर मी बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि त्यांच्यासमोर धरली. तेल सोनेरी होतं. काठावर फक्त एक पुसट पांढरी रेघ.

"अजून आहे थोडं," मामंजी म्हणाले. "पुढच्या रविवारी आणखी लांब जावं लागेल."

"किती लांब?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

आम्ही कित्येक रविवार गेलो. ती रेघ फार लवकर नाहीशी झाली होती. आम्ही सगळ्यांनी ती दिसते असंच धरून चाललो.

मामंजींचा पाय थोडा आखडलेलाच राहिला. स्वतः ते पुन्हा कधी चालवायला बसले नाहीत, पण शिकवायला लागले. मला चालवताना बघून बायका यायला लागल्या, आणि शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे शिकणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. ते गेले ते ऐन धड्याच्या दिवशी, सकाळी, काठी घेऊन फाटकापर्यंत फिरून आल्यावर. शिकायला आलेली मुलगी दारात उभी होती.

मिस्त्रींनी म्हातारपणी वर्कशॉप मुलीच्या हवाली केलं. ती त्यांच्यापेक्षा चांगली निघाली, असं ते स्वतःच सांगायचे, पण तिच्यासमोर नाही. माझा नवरा शेवटपर्यंत गाडी शिकला नाही. मागच्या सीटवर झोपण्यात मात्र त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याला जाऊन आता अकरा वर्षं झाली. सासूबाई मामंजींनंतर पुढे बसायला लागल्या आणि माझ्या प्रत्येक वळणाला नावं ठेवू लागल्या. गाडीचा पत्रा गंजून खालून रस्ता दिसायला लागला, तेव्हा आम्ही ती मिस्त्रींच्या मुलीला दिली. त्या दिवशी सासूबाईंनी दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं.

मी आता चौऱ्याऐंशीची आहे. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गेल्या वर्षी गाडी सोडायला लावली. नात नेते मला सगळीकडे. तिची गाडी विजेवर चालते, तिच्यात तेलच नाही म्हणे. तिच्यात काय बिघडू शकतं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी सासूबाईंसारखी नावं न ठेवता गप्प बसते, आणि नात म्हणते, आजी, तुझ्याबरोबरचा प्रवास सगळ्यात सुखाचा.